अळणी पान

पिंपळवंडी

प्रिय अक्षदा,

तू पुण्याला गेल्यापासून घर शांत आहे, म्हणजे टीव्हीचा रिमोट आता माझ्या हाती आलाय. आज घातचतुर्दशी. लढाईत, अपघातात गेलेल्यांचं पित्र आजच असतं, म्हणून माझ्या थोरल्या भावाचं, भिमादादाचं पान वाढलं. नेहमीसारखं बिनमिठाचं. ते अळणी का, हे तू लहानपणी कितीदा विचारलंस आणि मी दर वेळी 'खा गुमान' म्हणून गप्प केलं.

दादा आपल्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकला आणि तेवढ्या जोरावर थेट नौदलात गेला. समुद्र म्हणजे काय, हे घरात कुणाला धड ठाऊक नव्हतं. जुन्नरचा दिलावर त्याच्याबरोबरच भरती झालेला. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचं जहाज फुटलं तेव्हा दादा वर डेकवर पोचला होता, सुटलाच होता म्हण. पण खाली इंजिनाकडं माणसं अडकलीत म्हणून तो परत जिना उतरला. दोघांना त्याने वर ढकललं, त्यातला एक दिलावर. तिसऱ्यासाठी गेला तो आलाच नाही. एवढं काळीज त्याने कुठून आणलं असेल गं? म्हातारा झालो तरी मला त्याचा अभिमान वाटतो आणि रडूही येतं.

गावच्या शोकसभेत एक पुढारी म्हणाले, भिमाजी खाल्ल्या मिठाला जागला. आमच्या आईने, साळुबाईने, तेवढंच धरलं. "मिठापायी गेला व्हय माझा ल्योक? मग हितनं पुढं त्याला मीठच घालायचं न्हाई." तेव्हापासून दादाचं पान अळणी. ते पान जेवायला दर वर्षी दिलावरभाऊ येतो. त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही. आई गेली, तरी आम्ही तेच चालू ठेवलं.

आज जेवताना मी त्याला तुझं सांगितलं. पोरीची नौदलात निवड झालीय, पण आबा हो म्हणाल्याशिवाय जाणार नाही म्हणते, आणि माझ्या तोंडून हो निघत नाही. एकाच घराने त्या पाण्याला किती द्यायचं? दिलावरभाऊचा घास हातातच राहिला. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो म्हणाला, "गेणभाऊ, जरा मीठ आना." मी बघतच राहिलो. "भिमा वरनं मीठ घेतल्याबिगर जेवायचा न्हाई, राव. आईच्या जिवाला लागंल म्हनून मी गप जेवत व्हतो. त्याला समिंदर लई आवडायचा. कुणी ढकलून न्हवता नेला त्याला."

मी उठलो, चुलीमागचं मिठाचं भांडं आणलं आणि माझ्या हाताने दादाच्या पानात मीठ वाढलं. दिलावरभाऊने पान चाटूनपुसून साफ केलं.

हे सगळं फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून लिहिलं. जा, बाळा. आणि सुट्टीवर येशील तेव्हा आजीची आमटी अळणी लागली, तर लाजू नकोस. दादासारखं वरून मीठ मागून घे.

तुझाच,
आबा