धुऱ्यालगतचं गवत

बाबा, मेडशीच्या वावरातला धुऱ्यालगतचा, बांधाकडचा जो पट्टा तुम्ही कधी हिरवा राहू दिला नाही, तो आज कमरेइतक्या गवताने भरला आहे. तुम्ही गेल्यापासून तिथे नांगर फिरलेला नाही. यंदा धाकट्याला तिथे सोयाबीन पेरायचं होतं. सातबाऱ्यावर माझंही नाव असल्यामुळे त्याला मला विचारावं लागलं. तुम्हाला ते मुळीच रुचलं नसतं.

तुमचं एकच वैर आयुष्यभर टिकलं, ते कुंद्याशी. उन्हाळाभर आम्ही दोघं भावंडं कुदळीने ढेकळं उकरतो आहोत आणि तुम्ही मागे उभे. त्या चिवट गवताच्या मुळाचा तुकडा आत राहिला, की पुन्हा तीच जागा. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी शेजारी जमले आहेत, आईने पेढे मांडले आहेत. तुम्ही वावरातून येता आणि माझ्या हातून तुटलेलं मूळ मातीसकट पेढ्यांच्या ताटात ठेवता. "शाळेत पयली आली मने. कुंद्यात नापास हाय." सगळे हसले, आईसुद्धा. विनोद चांगला होता, म्हणूनच तो मला विसरता आला नाही. पुढे मी गवताचाच अभ्यास करायचं ठरवलं, तेव्हा तुमचा अभिप्राय एवढाच: "गवताचं कॉलेज? आपली ढोरं तं जलमताच पास हायेत."

तुम्ही कधी विचारलं नाहीत, तरी सांगते. हिमालयात झाडं संपतात त्याच्यावर कुरणं आहेत. बर्फ वितळल्यावरच्या अल्प उन्हाळ्यात तिथलं वीतभर गवत हवेतला कार्बन ओढून घेतं आणि त्याचा मोठा वाटा मुळांत उतरवतं. थंडीत मेलेली मुळं सावकाश कुजतात, म्हणून तो कार्बन पिढ्यान्‌पिढ्या मातीत टिकतो. माती फोडली, की तो पुन्हा हवेत जाऊ लागतो. मी तिथे मातीचे चौकोन कापते, मुळं धुते, सुकवते, तोलते. गेल्या मोसमात माझ्या हाताखालच्या एका संशोधकाने मूळ तोडलं. मी तो नमुना रद्द केला, त्याला नवा कापायला लावला. त्याच्या ताटात मात्र ठेवला नाही.

मी पेरायला नाही म्हटल्यावर धाकटा म्हणाला, "ताई, कायले ठेवून राह्यली थे गवत? उद्या माह्या सोयाबीनमंदी घुसन. लोकं हासून राह्यले मले. बाबा असते तं कवाच पेटवून देलं असतं."

"म्हणूनच," मी म्हणाले, आणि त्याला मुळं, माती, कार्बन असं सविस्तर व्याख्यान दिलं. त्यातलं प्रत्येक वाक्य अचूक होतं, पण हिमालयापुरतं. आपल्या तापणाऱ्या काळ्या मातीत मुळं लवकर कुजतात. एवढ्याशा पट्ट्याने हवेचं काही भलं होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. तो बिचारा मान डोलावून गेला.

हा कागद मी इथेच घडी घालून ठेवते. तुमच्यापर्यंत पोचवण्याची सोय असती तरी पोचवला नसता, कारण पुढची ओळ वाचून तुम्ही हसला असता, आणि ते सुख मी तुम्हाला देणार नाही. त्या पट्ट्यात वाढतोय, तो कुंदा आहे.