भूमिका त्याची, फजिती माझी

प्रिय ताई,

धाकट्याचा नमस्कार. मी बरा आहे, जेवणही वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे?

आमची छोटी फिल्म झाली एकदाची. अनोळखी लोकांच्या पार्टीत शिरून, सगळे आपल्या ओळखीचे असल्याचं सोंग आणणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. ती फजिती माझीच, मित्रांना मीच सांगितलेली. पण भूमिका मिळाली माझ्या रूममेटला. मी माईक धरून उभा.

काल शंभरेक जणांसमोर दाखवली. तो रिकाम्या ग्लासातून सारखा घोट घेतो, तिथे लोक पोट धरून हसले. ताई, तसे घोट मी घेतले होते, तेव्हा कुणी माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. मी आतून नुसता जळत होतो.

संपल्यावर तो धावत आला. "जमलं का रे? तुझ्यासारखं वाटलं?"

"अगदी," मी हसून म्हणालो.

"मग चल बाहेर. सगळ्यांना सांगतो, गोष्ट तुझी आहे."

"तू हो पुढे. मला वायरी गुंडाळायच्यात."

वायरी केव्हाच गुंडाळून झाल्या होत्या. तो गेल्यावर मी त्या सोडल्या आणि पुन्हा गुंडाळत बसलो.

आईला एवढंच सांग, फिल्म लोकांना आवडली.

तुझाच,
धाकटा