सृष्टीच्या निळ्या चपला

येरमाळ्याजवळची वस्ती, ता. कळंब
शुक्रवार, २० मार्च, पाडव्याचा दुसरा दिवस

शिवकन्या हिला कस्तुराबाईचा नमस्कार. तू बरी असशील. घरचे सगळे बरे असतील. माझं पुढं सांगते.

तुला एवढं शाणं कुणी केलं गं? व्यसनमुक्ती केंद्रातल्या मॅडमनी तुला दोनदा फोन केला. सृष्टी आजारी हाय, तुझंच नाव घेती, एकदा येऊन जा, असं गोड बोलून सांगितलं. आन तू काय म्हणलीस? "तिच्या नवऱ्याला बोलवा." एवढं बोललीस आन फोन ठेवलास. मी तिथंच बाकड्यावर बसले होते. मॅडमनी माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, मावशी, सृष्टीचं लगीन झालंय व्हय?

मी फोन करते तर लागत न्हाय. किराणा दुकानातली पोरगी म्हणली, काकू, तुम्हाला ब्लॉक केलंय. म्हणून हे पत्र. मी चौथी शिकलेली बाई. तीन दिवस लिहितीय, दोन कागद फाडलेत. पुरं वाच. मधीच चुरगाळू नको.

पयलं माझं गाऱ्हाणं ऐक. उमरग्याला तुमच्या खोलीवर मी न सांगता आले होते, तुझ्या ध्यानात असंल. भांड्याच्या फळीमागं बियरच्या बाटल्या सापडल्या. माझी सृष्टी मेडिकलच्या दुकानात, तू एसटीत कंडक्टर, दोघी कमावत्या, आन घरात दारू. त्या दिवसापासून मी म्हणत आले, त्या कंडक्टरणीनं माझी पोरगी नासवली. भावकीत म्हणले, देवीपुढं पण म्हणले.

बाटल्यांवर धूळ होती. तेवढं मी कुणाला सांगितलं न्हाय.

सृष्टीनं तवाच सांगितलं होतं. म्हणली, आई, शिवकन्यानं सोडायला लावली, सात महिने झाले, बाटल्या भंगारवाल्याला द्यायच्या राहिल्यात. मी म्हणलं, मग आधी कशापायी पीत होतीस? तर म्हणली, तुझा फोन यायचा तेव्हा. दर रविवारी तू स्थळ सांगायचीस. फोन ठेवला की पीत होते.

मी तिच्या थोबाडीत दिली. तू तेव्हा ड्युटीवर होतीस.

तरी मी तिला घरी आणली ती काय बाटल्यांपायी न्हाय. आदल्या दिवशी सांजच्याला मी दारात आले तेव्हा दार उघडंच होतं. तू खाटंवर बसलेली, ती खाली, तिचं डोकं तुझ्या मांडीवर. तू तिच्या केसाला तेल लावत होतीस. दोघी काय बोलत पण नव्हता. तू तिच्याकडं जसं बघत होतीस, तसं माझ्या लग्नाला तीस वर्षं झाली, माझ्याकडं कुणी बघितलं न्हाय. मला लगेच कळलं. शिकलेली नसले तरी बाई हाय मी. त्याला काय म्हणतात ते मला म्हाईत नव्हतं, म्हणून मी बाटल्या शोधल्या. बाटलीला नाव हाय. बाटलीवरून भांडता येतं.

तिचे वडील पडलेत, लई सिरियस हायत, असं सांगून मी तिला गाडीत बसवली. वडील वस्तीवर शेळ्यांना पाला टाकत होते. तिनं बघितलं. फोन मी काढून घेतला.

म्हैनाभर ती झोपलीच न्हाय. मग खोकला हाय म्हणून औषध मागितलं. मी आणून दिलं. मेडिकलात काम केलेली पोर, तिला गुंगी आणणाऱ्या औषधांची नावं पाठ होती. मला वाटलं, बरं झालं, झोपती तरी. मग ज्वारीच्या पोत्यामागं त्याच औषधाच्या रिकाम्या बाटल्या निघाल्या. रांगच होती. मी त्या उकिरड्यात पुरल्या.

आन त्याच दिवसांत तू आलीस. खाकी कापडात, डोक्यावर ऊन. हातात पिशवी, पिशवीत तिच्या निळ्या चपला. तू म्हणलीस, "मावशी, तिच्या राहिल्या होत्या, तळ नवा मारून आणलाय." मी उंबऱ्यातनं हलले न्हाय. म्हणलं, तिचं लगीन झालं, सोलापूरकडं दिलीय, सुखात हाय, परत येऊ नको. तू पाणी मागितलंस. उभ्यानंच पिलीस, तांब्या धुऊन पालथा घातलास आन पिशवी ठेवून गेलीस.

शिवकन्या, ती आत होती. माझ्या पाठीमागं, आतल्या खोलीत, औषधाच्या गुंगीत. उठल्यावर म्हणली, "आई, शिवकन्याचा आवाज आला." मी म्हणलं, तुला भास झाला.

लगीन कधीच झालं न्हाय. नवरा न्हाय. कुणाला बोलवू?

आता पुढचं लिहिते. एका शुक्रवारी आमच्या अंगणात देवीची आरती चालली होती, संबळ वाजत होता. सृष्टी झोकांड्या खात बाहेर आली, केस सुटलेले, डोळे तांबडे, काहीतरी पुटपुटत होती. शेजारची म्हाळसाबाई उठली, हिच्या कपाळाला मळवट भरला आन म्हणली, "आई आली गं, येडेश्वरी आली." सगळ्या बाया पाया पडल्या. मी पण पडले. पाया पडताना तिच्या तोंडाला औषधाचा गोड वास आला. मी उठले आन धूप वाढवला.

तुला खोटं वाटंल, पण मला बरं वाटलं. नासलेल्या पोरीची आई व्हण्यापरीस जिच्या अंगात देवी येती त्या झाडाची आई बरी. अंगात येणाऱ्या बाईला लगीन का करत न्हाय असं कुणी इचारत न्हाय. तिचे वडील पण हात जोडायला लागले. मग दर मंगळवारी, शुक्रवारी अंगणात बाया. पोर चप्पल घालीना, कारण देवीच्या बाईनं घालायची न्हाय. भर उन्हात अनवाणी.

लोकांना ती खरं सांगायची बघ. एक बाई म्हणली, आई, सून माहेराहून येत न्हाय, काय करू? ही म्हणली, तिला इचार ना तिला काय पायजे. ती बाई रडत गेली आन सून आली पण. मग तर गर्दीच वाढली. एकदा ही डोळे मिटून म्हणली, "मला उमरग्याला न्या." म्हाळसाबाई म्हणली, आईला तिकडच्या भक्तांची ओढ लागली. कुणी जीप ठरवायची भाषा केली. मी म्हणलं, आई आज दमलीय, नंतर बघू. त्या अंगणात पन्नास बाया होत्या, त्यात मला एकटीला म्हाईत होतं तिला कुणाकडं जायचंय.

आन बाटल्या कोण आणत होतं? मी. मंगळवार-शुक्रवारला कमी पडू नये म्हणून मीच आणत होते. एका दुकानात संशय येईल म्हणून कधी कळंबाला, कधी धाराशिवला. काउंटरवर उभी राहून खोटं खोकायचे. माझ्या हातानं तिला पाजली. तू पाजलीस, तू पाजलीस, असं गावभर म्हणून.

शिवरातीच्या आदल्या शुक्रवारी ती उठलीच न्हाय. ओठ निळे. बाया म्हणत्यात, समाधी लागली, हात लावू नका. मी म्हाळसाबाईला ढकलून दिली आन पोरीला जीपमधी घातली. दवाखान्यात डॉक्टरनी इचारलं, हे किती दिवस चाललंय, कोण आणून देत होतं? मी सांगितलं, मीच.

दहा दिवसांनी केंद्रात नेली. तिथल्या मॅडम भल्या हायत. मला एकटीला बसवून म्हणल्या, मावशी, बाईवर जीव असणाऱ्या बाया असत्यात, बाप्यावर जीव असणारे बापे असत्यात, तो रोग न्हाय. पण लपून जगायला लागलं की असली पोरं दारूत, औषधात लवकर बुडत्यात, आम्ही इथं बघतो. मी म्हणलं, मॅडम, ही बुडाली न्हाय, हिला मी धरून बुडवली.

त्यांनी सृष्टीला इचारलं, सुट्टी झाल्यावर कुणाकडं जायचंय? तिनं तुझं नाव सांगितलं. आईला भेटायचंय का, तर मान हलवली, न्हाय. मी दर आठवड्याला जाते, बाहेर बसते, भाकरी आत देते. भाकरी खाती म्हणत्यात.

आता नीट ऐक. शनिवारी, २८ तारखेला तिची सुट्टी हाय. त्याच्या पुढच्या गुरुवारी चैती पुनव, आमच्या येडेश्वरीची यात्रा. म्हाळसाबाईनं सगळ्या बायांकडनं गोळा करून हिरवं लुगडं आणून ठेवलंय. यात्रेत लोक रिवाजाप्रमाणं देवीसाठी चुनखडीचे खडे वेचायला जात्यात तेव्हा हिला तिथल्या आमराईत देवी म्हणून बसवायचं ठरलंय. तिचे वडील शनिवारी जीप घेऊन तिला आणायला निघालेत. मी नको म्हणलं तर म्हणले, तुला देवीचं वावडं झालंय का? मॅडम म्हणल्या, परत त्याच अंगणात गेली तर पुढच्या वेळी ती वाचंल याची खात्री देता येत न्हाय. ती सज्ञान हाय, तिच्या मर्जीनं कुणाहीबरोबर जाऊ शकती. पण न्यायला कुणी आलं पायजे. एकटी सोडता येत न्हाय.

आज पण अंगणात बाया बसल्यात, प्रश्न घेऊन. मी सांगितलंय, आई, म्हणजे सृष्टी, मावशीकडं गेली. हे पत्र मी गोठ्यात बसून लिहितीय.

तू दीड वर्ष काय भोगलंस मला म्हाईत न्हाय. इचारायचं तोंड पण न्हाय. मला माफ कर असं लिहिणार न्हाय, फुकटचं मागायची सवय न्हाय मला. तुझ्या घरी मी येणार न्हाय, फोन करणार न्हाय. तिनं बोलावलं तरच येईन. तिच्या केसात कोंडा झालाय, तेवढं तेल बघ.

पत्रासोबत उमरगा गाडीच्या कंडक्टरकडं पिशवी देतीय. त्यात तिच्या निळ्या चपला हायत. धान्याच्या कोठीवर लपवून ठेवल्या होत्या. तळ तू मारून आणलास तसाच कोरा हाय.

तू शनिवारी न्यायला जाणार असशील तर चपला ठेवून घे आन मॅडमला फोन कर. जाणार नसशील, तर त्याच गाडीनं पिशवी माघारी धाड. मी रोज येरमाळ्याच्या थांब्यावर उभी राहीन आन गाडी रिकामी यावी म्हणून हात जोडीन. काहीबी असो, बुधवारच्या आत सांग. बुधवारी जीपचं पक्कं झालं की मग मला तिच्या वडलांना अडवता येणार न्हाय.

जिला आई म्हणायचं का न्हाय ते सृष्टीनं अजून ठरवलं न्हाय, ती
कस्तुराबाई