ताबा घेतला

२ मे
पोचलो एकदाचे! आमच्या गावाहून, कोफिमवाबाहून निघालेल्या बसने हाडं खिळखिळी केली, पण घर बघितलं आणि शीण गेला. वाळूच्या टेकाडांमागे कंपनीची वसाहत, दोन खोल्या, गरम पाण्याचा नळ. स्वयंपाकघराच्या खिडकीतून झेब्रे चरताना दिसतात. माझ्या लेकीने, लिलिथाने त्यातल्या निम्म्यांना नावंही देऊन टाकली. सहा वर्षांची आहे, तिला वाटतंय आपण सुट्टीला आलोय.

आमच्या पाळीच्या प्रमुखांचं आडनाव चक्क सप्टेंबर. सगळे त्यांना ऊम सप्टेंबर म्हणतात, म्हणजे सप्टेंबरकाका. मी हसू दाबलं ते त्यांनी पाहिलंच. म्हणाले, "हस पोरी, हस. पगार मात्र मला बाराही महिन्यांचा मिळतो."

५ मे
माझी जागा समुद्राकाठचं पंपघर. चार पंप समुद्राचं पाणी ओढतात आणि अणुभट्टीची उष्णता वाहून नेतात. भट्टी बंद केली तरी ती लगेच निवत नाही, विस्तव काढल्यावरही चूल तापलेली राहते तशी. म्हणून निदान एक पंप तरी कायम चालू हवा. चारही बसले तर काय, असं विचारलं. ऊम खिडकीतून वसाहतीकडे बघत राहिले.

बोलण्याची शिस्त मात्र गमतीची. फोनवर एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच शब्द परत म्हणायचे, मग पहिल्याने "बरोबर" म्हणायचं. पाळी बदलतानाही तसंच. जाणारा म्हणतो, "ताबा तुझा." येणारा म्हणतो, "ताबा घेतला." जाणारा म्हणतो, "बरोबर." हे झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, छप्पर डोक्यावर आलं तरी! घरी लिलिथाला म्हटलं, दूध पिऊन टाक. ती म्हणाली, "दूध पिऊन टाक." मी म्हटलं, बरोबर. दूध तसंच राहिलं.

९ मे
आज पहिला बिघाड. दुपारी धुकं उतरलं होतं. पंपघरातला फोन वाजला. दमलेला, म्हातारा, आपल्याकडचा आवाज. "दुसरा पंप गरम होतोय, मादलोमो."

सवयीने मी म्हणाले, दुसरा पंप गरम होतोय. तो म्हणाला, "बरोबर." आणि दुसरा पंप बंद पडला.

नियंत्रण कक्षाला कळवलं. तिथून कुणी फोन केलाच नव्हता. फोनच्या पट्टीवर आलेला नंबर बघितला, तर तो त्याच फोनचा. माझ्या हातातल्या.

आता घरी बसून लिहिताना आठवलं. मादलोमो हे माझं कुळाचं नाव. गावाकडे सगळे त्याच नावाने हाक मारतात. इथे मी ते कुणालाही सांगितलेलं नाही. कागदोपत्री मी नुसती बुलेल्वा आहे.

१३ मे
दुसरा पंप उघडून बघितला. दोष काही नाही. नवीन भाग बसवला, पुन्हा बंद. आज तिसऱ्याची झडप अडकली. त्याआधी फोन. "तिसरा अडकतोय, मादलोमो. ताबा तुझा." मी फोन आपटला.

ऊमना सांगितलं. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग सगळं बोलले. गेल्या वर्षी या खुर्चीवर भेले कुळातले एक वयस्क गृहस्थ होते, ताता भेले, म्हणजे भेलेबाबा म्हणायचे त्यांना. धुक्यामुळे कामगारांची बस अडली, पुढच्या पाळीचा माणूस आलाच नाही. ताता छाती दाबून बसून राहिले, पण खुर्ची सोडली नाही. फोनवर पंपांची खबर देता देता खुर्चीतच गेले. ऊम म्हणाले, "त्यांचा आवाज तुटत होता गं. मी आपलं त्यांचे शब्द परत म्हणत होतो, ते बरोबर म्हणत होते. तुम्ही कसे आहात, एवढंही मी विचारलं नाही."

नंतर घरची माणसं आत्म्याला न्यायला आली होती, रीतीप्रमाणे काटेरी फांदी घेऊन. गेलेल्याचा आत्मा त्या फांदीवर बसून घरी येतो. पहाऱ्यावरच्यांनी फांदी आत नेऊ दिली नाही. बिचाऱ्यांनी फाटकापाशीच हाका मारल्या आणि परत गेली. पण ताता फाटकापाशी नव्हतेच ना!

१५ मे
मावशीला फोन केला. मला वाटलं हसेल. हसली नाही. "अगं, तो तुम्हाला छळत नाहीये. चारही पंप एकटा धरून बसलाय म्हातारा, आता हात सुटतायत त्याचे." मग रागावली. "आणि तू त्याला उत्तर दिलंस? शब्दाला शब्द? मूर्ख कार्टे! आता तो दुसऱ्या कुणाशी बोलणार नाही." बसवाल्याबरोबर फांदी धाडतेय. बोरीच्या जातीचं ते झाड इकडे वाळूत उगवत नाही.

लिलिथाला घेऊन परत गावी जावं असं फार वाटतंय. पण मग वसाहतीतली बाकीची मुलं?

२० मे
फांदी डोक्याच्या रुमालात लपवून आत नेली. काटे टाळूत रुतले, तरी पहारेकऱ्याशी मी हसून बोलले.

खुर्चीपुढे धरून म्हणाले, चला ताता, घरी चला. फांदी जड झाली. मग पुन्हा हलकी. फोन वाजला. "खुर्ची रिकामी सोडून कसा येऊ, मादलोमो?"

चौथा पंप बंद पडला. भट्टी बंद केलीय. उष्णता निवायला वेळ लागणार. आता फक्त पहिलाच—

२१ मे
दाट धुकं. पुढच्या पाळीची बस अडलीय. ऊम वॉकीटॉकीवर ओरडतायत, पहिल्याचा दाब उतरतोय. डिझेलचा जादा पंप सुरूच होत नाही. वसाहत रिकामी करायला घेतलीय, पण रस्ता दिसत नाही. लिलिथा शाळेत आहे. टेकाडाच्या पलीकडेच—

टेबलावरचा फोन वाजतोय, ताता असणार. मला भीती वाटते. फार भीती वाटते.

एकाच पाळीपुरतं. पुढच्या पाळीचा लिंडिले आला की त्याला ताबा देईन. रोज हेच तर करतो आपण.

फोन उचलून मी म्हणाले, ताबा घेतला.

"बरोबर," ताता म्हणाले. एवढं सुटल्यासारखं मी कुणाला बोलताना ऐकलं नव्हतं. दार उघडलं, वारा नसताना. फांदी कुठे दिसत नाही. आणि पंप चालू झाले. चारही! लिलिथा, चारही चालू झाले!

नंतर
लिंडिले आला. हसत आला, धुक्याला शिव्या देत. मी म्हणाले, ताबा तुझा.

त्याने डबा टेबलावर ठेवला. माझ्या हातावर. मला लागलं नाही.

मी पुन्हा म्हणाले. ओरडून.

त्याने फोन उचलला. विचारतोय, बुलेल्वा कुठे गेली, खुर्ची रिकामी कशी. पलीकडे ऊमना कळलंय. ते रडतायत.

पंप जड आहेत. ताता, किती जड आहेत हे—

बाहेर बस उभी आहे. शाळा सुटली असेल. लिलिथा फाटकाकडे बघत—

लिंडिले, इकडे बघ. ताबा तुझा. एवढंच म्हण रे. ताबा घेत—