बियांच्या डब्यातल्या गोळ्या

बाबा, मी अजून वाशीमच्या त्याच लॅबमध्ये आहे. रोग्यांच्या लघवीतले, रक्तातले जंतू वाढवायचे आणि ते कोणत्या औषधाने मरतात ते बघायचं, हेच माझं काम. तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली, पण तुमच्यावरचा राग काही जात नाही. माझ्यावरचा तर नाहीच.

मेथीचं बी ठेवायचा तुमचा पत्र्याचा डबा आठवतो. लघवीला जळजळ सुरू झाली की मी मेडिकलमधून पाच दिवसांच्या गोळ्या आणायची. तुम्ही दोन दिवस घ्यायचात आणि उरलेल्या त्या बियांत खुपसून ठेवायचात. "बरं वाटून राह्यलं आता. कायले संपवू? पुढच्या खेपेले कामी येतीन." जन्मभर भाजीपाला केलेला माणूस, बी राखल्याशिवाय तुम्हाला चैन कुठली! आणि मी, जंतूंवर पोट भरणारी, हसायची. लघवी तपासू म्हटलं तर मान खाली घालायचात, "पोरीच्या हाती कायले देऊ ते?" खरं सांगते, सुटल्यासारखं वाटायचं. माझ्या टेबलावर बापाची बाटली म्हणजे मलाही लाजच वाटायची. म्हणून पुन्हा गोळ्याच आणायची.

शेवटी बाटली दिलीत तेव्हा तापाने थरथरत होतात. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या लघवीतले जंतू वाढवलेली प्लेट उजेडात धरते. जंतूंवर वेगवेगळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवलेल्या असतात. औषध लागू पडलं की चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. अर्धवट गोळ्यांना सरावलेले तुमचे जंतू चकत्यांना भिडून वाढलेत. एकीभोवती तेवढा गोल आहे. त्या चकतीवरच्या औषधाचं इंजेक्शन अकोल्याहून येईपर्यंत जंतू रक्तात पसरले होते. तुम्ही दवाखान्यात शेवटचं बोललात तेही माझ्याच जेवणाचं, "जेवली काय तू?" मी हो म्हणाले.

कोणते जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाहीत, त्याचा तक्ता आम्ही दर महिन्याला वर पाठवतो. कोणतं औषध आधी द्यायचं हे डॉक्टर त्यावरून ठरवतात, त्यामुळे त्यात खोटं चालत नाही. नव्या मुलींना हे मीच बजावून सांगते. तक्त्यात प्रत्येक रोग्याची एक ओळ असते, नाव नसतं. तुमची ओळ मीच भरली.

हे पत्र कुठे पाठवणार, कपाटातच राहील. म्हणून लिहिते. नमुन्याआधी काही औषध घेतलं होतं का, असा त्या तक्त्यात एक रकाना असतो. ते कुणी आणून दिलं, असं कुणी विचारेल याची मला भीती वाटली. तुमच्या ओळीत मी 'नाही' लिहिलं, बाबा.