कड्यावरून काढलेली सासुरवाडी

सक्करदरा, मंगळवार, १८ मे १९७६

फोटो आज धुऊन आला. यमुनेचं माहेर, पारशिवनीकडचं. ती गेली तेव्हा घरात तिचा एकही फोटो नव्हता. आता गावही धरणाच्या पाण्यात जाणार, म्हणून शेजाऱ्याचा कॅमेरा मागून नेला होता.

पण गावात पाय ठेवला नाही. तिच्या तेरवीला मेहुण्याशी भांडलो होतो. बोलावल्याशिवाय जावयाने सासुरवाडीला कसं जायचं? म्हणून गावामागच्या कड्यावर चढलो. या वयात! टोकाशी पायाखालचा दगड सुटला. खाली आपटल्याचा आवाज अजून कानात आहे.

मेहुण्याने विहिरीवरून पाहिलं. ओरडला, “भाऊजी, तिथं काहून चढले गा? पडून जासान ना! खाली या, जेवून जा!”

हे बोलावणं नव्हतं तर काय होतं? मी ऐकू न आल्यासारखं केलं. बटण दाबलं आणि पलीकडून उतरलो. त्या दगडाबरोबर मीही गेलो असतो तर?

फोटो चांगला आला आहे. मेहुण्याला एक प्रत द्यावी, असं सकाळपासून वाटतं. पण गाव मागच्या आठवड्यात उठलं. ते लोक कुठे गेले, हे विचारायलाही तिथे आता कोणी नाही.