बंदूकवाल्याचा पान्हा

३ जून, सोमवार
शर्ट पुन्हा ओला. डावीकडे, खिशाखाली. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा होतो, रांगेत कुणाचं तरी तान्हं रडलं आणि छाती भरून आली. मॅनेजर म्हणाले, घामालाही काही हद्द असते. घाम नाही तो. बोटावर घेऊन पाहिलं.

४ जून
पांढरं. चिकट. कुणाला सांगू?

६ जून
बायकोला सांगितलं. ती पोरीला डब्यातल्या पावडरीचं दूध पाजत होती. तिला अंगावरचं पुरेसं येत नाही. बाळंतपणापासून ती त्याच एका गोष्टीवरून रडते. माझं ऐकून आधी हसत सुटली. मी शर्ट काढून दाखवलं — हसू गेलं. "मला येत नाही आणि तुम्हाला येतं!" म्हणाली आणि आत निघून गेली. सासूबाईंनी उपाय म्हणून मिशा काढून बघायला सांगितलं.

१० जून
डॉक्टरीणबाईंकडे. बाकावर सगळ्या बायका. माझा नंबर आला तर कंपाउंडर विचारतो, पेशंट कुठंय?
बाईंनी चित्र काढलं — द्राक्षांच्या घडासारख्या बारीक पिशव्या, दूध तिथं तयार होतं. प्रत्येक घडाची एकेक नळी, सगळ्या बोंडाशी येऊन उघडतात. मेंदूखालच्या एका ग्रंथीचा हुकूम आला की काम सुरू. म्हटलं, पण मी पुरुष आहे. "दुकान सगळ्यांनाच असतं हो," म्हणाल्या. "पुरुषांचं शटर खाली असतं, एवढंच. तुमचं कुणी उघडलं ते शोधू." रक्त दिलं. डोक्याचा फोटोही काढायचाय.

१३ जून
आत फडकी लावून ड्युटी. एक बाई कोपऱ्यात बाळाला पाजायला बसली. मॅनेजर म्हणाले, तिला बाहेर काढा. मी म्हटलं, साहेब, पान्हा फुटला की मध्येच थांबवता येत नाही. तुम्हाला काय ठाऊक, म्हणाले. तिच्याकडे पाठ करून बंदुकीसकट आडवा उभा राहिलो. तिचं आटोपेपर्यंत माझीही फडकी भिजली.

१७ जून
रिपोर्ट आला. मेंदूखाली वाटाण्याएवढी गाठ. जिवाला धोका नाही. गोळ्यांनी आकसेल, दूधही जाईल. बायकोनं गोळी आणि पाण्याचा पेला समोर ठेवला. माझा हात पुढे होईना. ती बघत राहिली. मग पोरीला उचलून माझ्या मांडीवर दिलं, माझ्या शर्टाची बटणं सोडली.
"आधी हिला घ्या," म्हणाली. "गोळी नंतर."